चिबोंगोचं तांबडं पाणी

१९९६ साल होतं. तांब्याच्या खाणींतून कमी केलेले पुरुष सायकली आणि सोफे घेऊन गावोगाव परतत होते, आणि त्याच वर्षी चिबोंगोच्या हापशाला पाण्यातलं लोखंड काढायची टाकी जोडली गेली.

हापसा त्याच्या आधीपासूनच होता. कुणीतरी परदेशी माणसांनी जमिनीत खोल नळी घातली, टाळ्या झाल्या, एक बकरी कापली गेली आणि पाणी आलं. दिसायला नितळ. बादलीत दुपारपर्यंत ठेवलं की तांबडं. चहा केला की शाई. घेवडा दिवसभर शिजवला तरी दाताला खडा. आणि न्शिमा? कसावाच्या कंदाच्या पिठाची ही घट्ट उकड कशी पांढरी, उकडलेल्या अंड्यासारखी हवी. या पाण्यात ती विटेसारखी व्हायची.

बाना लुकोंडे त्या हापशाकडे बघून थुंकायची. खरंच थुंकायची. लुकोंडेची आई म्हणून ती बाना लुकोंडे. तिचं स्वतःचं नाव गावाला आठवतही नव्हतं. उंच, काटकुळी, हनुवटी कायम वर. गावात तिला पटलेली वस्तू अजून निर्माण व्हायची होती. शेजारणीचं स्वैपाकघर तिला गोठा वाटायचं, गावच्या पाद्रीबाबाचं गाणं तिला बकरीचं वाटायचं, आणि हापशाच्या पाण्याबद्दल ती म्हणायची, "पायावर घातलं तर पाय तांबडे होतात. पोटात घातलं तर पोट गंजेल की उजळेल?" तिचं पाणी लुकोला नावाच्या ओढ्याचं. ओढा लांब होता, उन्हाळ्यात त्यात गुडघाभर चिखल आणि गावाची हगवण असायची. पण चहा चहासारखा दिसायचा.

एकदाच तिने हापशाचं पाणी वापरलं, आणि नेमकं नको त्या दिवशी.

लुकोंडेला मागणी घालायला साम्फ्याहून, सरोवरकाठची माणसं आली होती. चिबेसा नावाचा मुलगा, दोन बोटींचा मालक. त्याची आई बाना चिबेसा सुक्या मासळीचा गाळा चालवायची आणि सगळ्या जगाकडे गाळ्यावरून बघायची. त्या दिवशी ओढ्याचं पाणी संपलं आणि घाईत कुणीतरी हापशाचं आधण ठेवलं. चहा आला. बाना चिबेसाने कपात बघितलं, कप हलवला, पुन्हा बघितलं.

"विहीणबाई," ती म्हणाली, "पत्ती मिळाली नाही का? खिळे उकळलेत वाटतं."

लग्न झालं. लुकोंडे साम्फ्याला गेली. पण सासरी तिचं नाव पडलं ते 'खिळ्याची पोर'. न्शिमा थोडी करपली की सासू म्हणायची, "असू दे, हिच्या माहेरी यालाच पांढरं म्हणतात." आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे अजून चूल दाखवायची राहिली होती. चूल दाखवल्याशिवाय जावई सासूच्या हातचं खात नाही, तिचं अंगण टाळून वाट वाकडी करून जातो, आणि सून म्हणजे सासरी अर्धी पाहुणी. चूल दाखवायची म्हणजे मुलीच्या आईने आपल्या चुलीवर नानापरीचं रांधायचं, टोपल्या डोक्यावर घ्यायच्या, गावच्या बायकांनी गात गात जावयाच्या दारी न्यायच्या, की आमच्या घरी असं खातात, बघा. बाना लुकोंडे ते पुढे ढकलत होती. ओढ्याचं पाणी आता नासलं होतं. विटेसारखी न्शिमा घेऊन ती साम्फ्याच्या वाळूत पाय ठेवणार नव्हती. मेली असती, पण नाही.

अशात मान्सा शहराहून सिमुसोक्वे आला. पाणी खात्याचा तरुण इंजिनियर. सदऱ्याला इस्त्री आणि गळ्यात वर आलेला कंठमणी. आंब्याखाली सगळ्यांना बसवून त्याने समजावलं. हापशाच्या तोंडाशी सिमेंटची टाकी बांधायची. पाणी आधी भोकाच्या ताटलीतून पावसासारखं खाली पडणार, म्हणजे त्याला हवा लागणार. हवा लागली की विरघळलेलं लोखंड गंज होऊन बाहेर पडणार. मग खडी, मग वाळू. खालच्या नळाला स्वच्छ पाणी.

"आणि ते लोखंड जाणार कुठे?" बाना लुकोंडेने विचारलं.

"वाळूला चिकटून राहणार, आई."

"आणि ती वाळू?"

"ती तुम्ही सगळ्यांनी अधूनमधून काढून धुवायची."

"म्हणजे जमिनीतलं लोखंड बाहेर काढलं तुम्ही, आणि घासायचं आम्ही. छान. शिकलेल्या माणसाचं डोकंच वेगळं!"

बायका हसल्या. सिमुसोक्वेही हसला, बिचारा. त्याला वाटलं, विनोद झाला.

तेवढ्यात बाशी कापेम्ब्वा, म्हणजे कापेम्ब्वाचा बाप, उठला. हा नुकताच खाणीतून परतलेला. अंगणात सोफा मांडून बसायचा आणि सभेला यायचं म्हणजे खाणीचं पिवळं शिरस्त्राण घालून यायचा. खाणीत तो उतरणाऱ्यांना दिवे वाटायचा, हे गावाला ठाऊक होतं. पण तो बोलायला लागला की स्वतः दगड फोडून तांबं काढल्यासारखा बोलायचा.

"धातूचं काम आहे हे," तो म्हणाला. "धातूला ओळखणारा माणूस पाहिजे. बायकांच्या हातात चावी दिली तर टाकीत भांडी घासतील."

आणि तो टाकीचा चेअरमन झाला, झाकणाच्या कुलपाची चावी त्याच्या गळ्यात गेली. बाना लुकोंडे शेजारच्या मालिताला म्हणाली, इतक्या हळू की सगळ्यांना ऐकू गेलं, "दिवा वाटणाऱ्याला आता कुलूप मिळालं. उद्या खाणच मागेल."

टाकी झाली. सिमुसोक्वे जाताना पुन्हा पुन्हा सांगून गेला, "नवी वाळू असली की सुरुवातीला पाणी तांबडंच येतं. वाळू धुतली तरी तसंच. थोडे दिवस धीर धरायचा. वाळूवर एक थर बसावा लागतो." बायकांनी माना डोलावल्या आणि पहिल्या तांबड्या बादलीला शिव्या दिल्या. मग हळूहळू पाणी निवळलं.

बाना लुकोंडे सगळ्यात शेवटी गेली. बादली घरी आणली, झाकून दुपारपर्यंत ठेवली. झाकण उचलून वास घेतला. बोट बुडवून चाखलं. मग चहा केला. चहा चहासारखा झाला. तिने तो उभ्याने प्यायला, कुणी बघत नाही ना ते बघत.

मालिता कुंपणावरून डोकावत होतीच. "काय गं, कसा झाला?"

"पाण्यासारखा," बाना लुकोंडे म्हणाली. पण त्याच आठवड्यात तिने साम्फ्याला निरोप धाडला, की चूल दाखवायला येते आहे.

इथून तिच्या डोक्यात एक खूळ शिरलं. तिला साधी पांढरी न्शिमा नको होती. बाना चिबेसाने डोळे चोळावेत अशी पांढरी हवी होती. कसावाचे कंद सोलून पाण्यात भिजत घालायचे, नरम झाले की वाळवून कुटायचे, हे चिबोंगोतली पोरगीही जाणते. सगळ्यांचे कंद ओढ्याकाठच्या खड्ड्यांत भिजतात. गढूळ पाणी, वर शेवाळ, बेडूक. त्यातून निघालेलं पीठ करड्याच रंगाचं. तिथे आपले कंद टाकायचा विचारच तिला सहन होईना. आणि हापशाजवळून जाताना ती टाकी दिसायची. वर झाकण, आत नितळ, स्थिर पाणी. बकरी नाही, चोर नाही, बेडूक नाही. कंद भिजवायला याहून चांगली जागा देवाने तरी केली असती का?

पाणी घाण होईल, हे तिच्या मनात आलं नाही असं नाही. आलं, आणि तिने ते झटकलं. लोखंड अडवते ती वाळू कसावाचं पाणी अडवणार नाही? लोखंडापेक्षा कसावा मऊच.

चावीसाठी तिला बाशी कापेम्ब्वाच्या सोफ्यासमोर जाऊन उभं राहावं लागलं. भाजलेला मासा पानात गुंडाळून नेला.

"चेअरमन," ती म्हणाली, आणि तो शब्द तिच्या जिभेला कारल्यासारखा लागला, "धातू ओळखणारे तुम्ही एकटेच. म्हणून तुमच्याकडे आले. माझे चार कंद त्या टाकीत राहू द्या. मुलीच्या मेजवानीचे आहेत."

त्याने मासा हुंगला. "एरवी मी कुणाला हात लावू देत नाही."

"म्हणूनच तर."

"पण तू माणसाची किंमत ओळखतेस, बाना लुकोंडे."

"ओळखते ना," ती म्हणाली, आणि घरी येऊन चूळ भरली.

संध्याकाळी, बायका स्वैपाकाला लागल्या असताना, तिने गोणीभर कंद टाकीत सोडले. तिसऱ्या दिवशी हापशावर मालिता नाक मुरडत म्हणाली, "पाण्याला आंबूस वास येतोय का गं?"

"तुझ्या बादलीला येत असेल," बाना लुकोंडेने सांगितलं. "धुतेस कधी?"

कंद निघाले ते मऊसूत. मोठ्या खडकावर तिने ते वाळत घातले आणि रोज दिवसभर कोंबड्या हाकलत बसली. कुटून चाळलेलं पीठ असं झालं की सुपात बर्फ पडलाय म्हणावं. बर्फ चिबोंगोत कुणी पाहिला नव्हता, पण पीठ बघायला सगळ्या आल्या. "चुन्याची भिंत पण मळकी दिसते हिच्या पिठाच्या शेजारी," मालिता म्हणाली, आणि तिचाही हेवा लपला नाही.

आणि तेवढ्यात पाणी फिरलं. आधी आंबट घाण वास. मग बादली भरताना नितळ आणि घरी पोचेपर्यंत तांबडी, पूर्वी कधी नव्हती इतकी. वर तेलासारखा तवंग. मेजवानीला तीन दिवस उरले होते.

बायका हापशाभोवती जमल्या. सगळ्यात पुढे बाना लुकोंडे. आपल्या कंदांचा आणि या पाण्याचा संबंध आहे हे तिला शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं. तिचा सगळा राग त्या पिवळ्या शिरस्त्राणावर होता.

"या, धातूवाले! बघा तुमचा धातू! चावी गळ्यात मिरवायला घेतली होती की टाकी सांभाळायला?"

"लोखंड पिकतं," बाशी कापेम्ब्वा म्हणाला. "खाणीतही असं व्हायचं. मोसम असतो."

"लोखंडाचा मोसम! आंब्याचा असतो, लोखंडाचा आज ऐकला! उघडा ते झाकण."

त्याने तिच्याकडे एकदा बघितलं.  मग झाकण उघडलं.

वास आला आणि सगळ्या बायका एक पाऊल मागे सरल्या. तो वास ओळखायला इंजिनियर लागत नाही. प्रत्येकीच्या हातांना तो जन्मभर आलेला असतो. मालिताने दंडापर्यंत हात घातला. वाळूवर पांढरट बुळबुळीत साय होती. तिने ओंजळ वर काढली, तर त्यात कसावाचे दोरे आणि कंदाचा एक मऊ तुकडा.

"कुणी?" मालिता म्हणाली.

कुलूप तर शाबूत होतं. डोळे बाशी कापेम्ब्वाच्या बायकोकडे वळले. ती शहरात वाढलेली. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माझ्याकडे काय बघता? आमच्याकडे मका खातात. तुमचं ते कुजवलेलं मूळ मी कोंबडीलाही घालत नाही."

हे सगळ्यांना खरं वाटलं, कारण ते इतकं अपमानाचं होतं. मग डोळे मोठ्या खडकाकडे गेले, जिथे आठवडाभर गावातला सगळ्यात पांढरा कसावा वाळला होता. बाशी कापेम्ब्वा शिरस्त्राणाचा पट्टा चाचपत जमिनीकडे बघत होता.

बाना लुकोंडेने हनुवटी आणखी वर केली. "हो, माझा," ती म्हणाली. "आणि इतकं पांढरं पीठ बापजन्मात कुणी पाहिलं होतं का? सांगा."

 मालिताने हातातला गोळा तिच्या पायाशी टाकला. "तुला आमचा खड्डा चालला नाही," ती म्हणाली. "म्हणून आमच्या पिण्याच्या पाण्याचा खड्डा केलास."

त्याच दुपारी बायकांनी टाकी उपसली. पाट्या भरभरून वाळू काढली, पसरली, घासली, धुतली. बाना लुकोंडे पाटी घेऊन आली तेव्हा तिच्या हातून पाटी काढून घेतली. "तू नको हात लावू," एक म्हणाली. "तुझे हात पांढरे आहेत." गावाला नावं ठेवण्यात जिचं आयुष्य गेलं, तिला गावाने एका दुपारीत सगळी परत केली. ती आंब्याखाली उभी राहिली. बसायलाही कुणी सांगितलं नाही.

आणि वाळू धुतली म्हणजे काय, तर पुन्हा धीर धरायचा. पाणी लगेच निवळणार नव्हतं. ओढ्यात चिखल. साम्फ्याला निरोप गेलेला. मेजवानी मोडली तर लुकोंडे कायमची अर्धी पाहुणी. तांबड्या पाण्यात रांधलं तर कायमची खिळ्याची पोर.

ती रात्रभर कुढली असेल, पण रडली नसेल. पहाटे तिने आपल्या चुलीतले निखारे राखेत पुरून एका मडक्यात भरले. पीठ, डाळ, शेंगदाणे, कोंबड्या, सुका मासा असं सगळं कच्चंच टोपल्यांत घातलं. गावातून बरोबर कुणी निघेना. शेवटी दोन चुलत बहिणी आल्या, त्यांना साम्फ्याचा बाजार बघायचा होता. आणि वेशीवर मालिता उभी.

"तुझ्यासाठी नाही," मालिता म्हणाली. "लुकोंडे माझ्या अंगाखांद्यावर वाढली. गाणार कोण, तुझ्या त्या बहिणी? त्यांच्या आवाजाने मासे तळाला जातील."

साम्फ्याला पोचल्यावर त्या जावयाच्या घरी गेल्याच नाहीत. सरोवरकाठी वाळूत तीन दगड मांडले, मडक्यातले निखारे फुंकले आणि सरोवराच्या पाण्याचं आधण ठेवलं. धूर वर गेला तशी माणसं जमली. त्यांतून वाट काढत बाना चिबेसा आली. मागे लुकोंडे, चेहरा उतरलेला.

"विहीणबाई," बाना चिबेसा म्हणाली, "आमच्या दारात चूल मांडलीत? तुमच्याकडे डोक्यावर चूल घेऊन फिरायची पद्धत आहे का?"

सांगायला दहा गोष्टी होत्या. वाटेत अन्न गार होतं. ताजं वाढावं म्हणून. अमक्या पणजीची रीत अशीच होती. बाना लुकोंडेने त्या सगळ्या वाटेवर जुळवून ठेवल्या होत्या. तिने लुकोंडेकडे बघितलं. मासळीबाजारात चिबोंगोच्या बायका येतात, आठवड्याच्या आत खरी गोष्ट गाळ्यावर पोचणार, आणि ती ऐकायला तिथे ही उभी असणार, एकटी.

"नाही," ती म्हणाली. "चूल माझीच आहे, निखारे घरचे आहेत. पाणी नव्हतं. आमच्या पाण्यात लोखंड आहे, ते तुम्ही प्यायलात. ते काढायला टाकी दिली होती. पाणी दुधासारखं झालं होतं. मग मी त्यात माझा कसावा भिजवला आणि टाकी नासवली. मुलीला यातलं काही ठाऊक नाही. हसायचं तर मला हसा. मी इथेच आहे, न्शिमा होईपर्यंत कुठे जात नाही."

  दोन वर्षं ज्या चाकूला बाना चिबेसा धार लावत होती तो समोरच्या बाईने स्वतःच काढून आपल्या मांडीवर ठेवला होता. ती वाळूत बसली.

"भिजवला कशाला तिथे?" तिने विचारलं.

"पांढरा व्हावा म्हणून."

"कुणाला दाखवायला?"

"तुम्हाला. दुसऱ्या कुणाला दाखवण्यासारखं आहे काय या जगात?"

मालिता हाताआड फसकन हसली. न्शिमा झाली. बाना चिबेसाने लहानसा गोळा तोडला, उजेडात धरला, उलटून बघितला, तोंडात टाकला.

"पांढरी आहे," ती म्हणाली, जणू तक्रारच. मग गर्दीकडे वळून, "चूल यांची, पाणी आमचं. म्हणजे अर्धी मेजवानी मी घातली, लक्षात ठेवा!" आणि लुकोंडेला म्हणाली, "सूनबाई, उभी काय राहिलीस? नवऱ्याला बोलाव. सासूच्या हातचं खायला ये म्हणावं."

चिबेसा आला आणि जेवला. बाना लुकोंडे त्याच्याकडे पाठ करून बसली, रीत होती तशी. तो दुसऱ्यांदा वाढून घेतो आहे, हे मालिताने तिला कानात सांगितलं.

सिमुसोक्वे पुढच्या महिन्यात आला आणि सगळं ऐकून डोक्याला हात लावून बसला. कसावा आंबला की पाणी आंबट होतं, त्यातली हवा संपते, आणि वाळूला चिकटलेलं लोखंड पुन्हा सुटतं, असं त्याने सांगितलं. त्यानंतर तो ज्या ज्या गावात टाकी बांधायला गेला तिथे पहिलं वाक्य कसावाचं बोलायचा. पुढे तो लुसाकाला मोठा साहेब झाला.

बाशी कापेम्ब्वाची चावी गेली. वर्षभर त्याने कुणाशी धातूची गोष्ट काढली नाही. मग सोफा विकून तो पुन्हा शहरात गेला, आणि तिथेच वारला. त्याची बायको मात्र चिबोंगोत राहिली. मक्याला पाऊस पुरेना, तेव्हा ती कसावा खायला लागली, आणि तिचा कंद गावात सगळ्यांत करडा निघायचा.

चावी मालिताकडे आली. गुडघे गेले तोपर्यंत तिने ती सांभाळली. वाळू धुवायच्या दिवशी जी येणार नाही तिला ती पाणी द्यायची, पण आधी सगळ्यांसमोर चार शब्द ऐकवून. टाकी पुष्कळ वर्षं चालली. आता सौर पंपाचं पाणी येतं, दुसऱ्या खोल विहिरीचं, आणि पोरांना तांबडा चहा म्हणजे काय ते सांगावं लागतं.

लुकोंडेला पाच मुलं झाली. आज सासूचा गाळा तीच चालवते. बाना चिबेसा मरेपर्यंत सांगत राहिली की ती मेजवानी अर्धी तिची होती.

बाना लुकोंडे म्हातारपणी लेकीकडे साम्फ्याला राहायला गेली. दोघी विहिणी ओट्यावर बसून जगाला नावं ठेवायच्या, आणि जग संपलं की एकमेकींना. सरोवराच्या पाण्याला मासळीचा वास येतो अशी तिची शेवटपर्यंत तक्रार होती. दुसरं पाणी तिने मागितलं नाही.